गुरूचे चंद्र घड्याळाने मोजतात

स्वच्छ रात्री गच्चीवर जाऊन पक्षी बघायच्या द्विनेत्रीतून गुरूकडे पाहिलं, तर त्याच्या दोन्ही अंगांना एका ओळीत मांडलेले बारीक ठिपके दिसतात. कधी चार, कधी तीन, क्वचित दोनच. आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो, हे त्याचे चार मोठे चंद्र. गुरू आपल्या जवळ येतो तेव्हाही हे ठिपके साधारण ६३ कोटी किलोमीटर दूर असतात. आता प्रश्न असा, की त्यातला आयो या क्षणी नेमका कुठे आहे? ‘गुरूच्या डावीकडे’ हे उत्तर चालणार नाही. पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर सांगायचं आहे, आणि तेही जमिनीवर उभं राहून, डोक्यावर हवेचा थरथरता पडदा असताना.

हे जमतं. कसं जमतं आणि एवढा आटापिटा कशासाठी, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी मोजपट्टी समजून घेऊ. आकाशात अंतरं किलोमीटरमध्ये दिसत नाहीत, कोनात दिसतात. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला, हा हिशोब पंचांग चाळणाऱ्या घरांत अजून ओळखीचा आहे. आपला पौर्णिमेचा चंद्र साधारण अर्धा अंश, म्हणजे अठराशे विकला रुंद दिसतो. गुरू जवळ असताना त्याच्या अंतरावर एक विकला म्हणजे साधारण ३,००० किलोमीटर. शनीपाशी तीच एक विकला ६,००० किलोमीटरांची होते, नेपच्यूनपाशी २१,००० ची. आयोचा व्यास ३,६४३ किलोमीटर आहे, म्हणजे अख्खा आयो आपल्याला सव्वा विकलेच्या आतच दिसतो. पन्नास किलोमीटर म्हणजे एका विकलेचा साठावा भाग.

आणि हवा? चांगल्या डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेतही हवेच्या थरथरण्यामुळे ताऱ्याचा टाचणीएवढा ठिपका एक-दोन विकला पसरतो. आपल्याला हवंय त्याच्या शंभरपट खडबडीत असं हे चित्र आहे.

तरी सरळ रस्ता आधी पाहू, कारण तो अगदीच वाया गेलेला नाही. रांगोळीचा ठिपका बोटभर पसरला तरी त्याचा मध्य कुठे आहे हे डोळ्याला कळतंच. कॅमेऱ्याच्या चकतीवर पसरलेल्या प्रकाशाचंही तसंच आहे. कुठल्या चौकटीत किती प्रकाश पडला याचे आकडे घेऊन गणिताने मध्य काढला, की तो पसाऱ्याच्या विसाव्या-तिसाव्या भागापर्यंत नेमका मिळू शकतो. एकाऐवजी शंभर चित्रं घेतली तर आणखी थोडा. मग हा मध्य कशाच्या तुलनेत सांगायचा? त्याच चित्रात उमटलेल्या ताऱ्यांच्या. ताऱ्यांची स्थानं यादीतून माहीत असतात, ते आकाशातले मैलाचे दगड. डिसेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या गाया या युरोपीय अवकाश दुर्बिणीने या दगडांची यादी पार बदलून टाकली. २०२२ च्या तिच्या प्रसिद्ध यादीत सुमारे १८० कोटी तारे आहेत आणि त्यातल्या तेजस्वी ताऱ्यांची स्थानं विकलेच्या काही लाखाव्या भागांपर्यंत दिलेली आहेत. पूर्वी चंद्राच्या मोजणीतली चूक कितीदा तरी ताऱ्यांच्या यादीचीच असायची. आता तसं म्हणून सुटका नाही.

पण चंद्रांच्या बाबतीत एक खास अडचण आहे, ती म्हणजे त्यांचा मालक. गुरू इतका झगझगीत असतो की त्याच्या शेजारचा चंद्र नीट उमटेपर्यंत कॅमेरा ठेवला, तर गुरू सगळं चित्र पांढरं करून टाकतो. गाडीच्या मोठ्या दिव्याशेजारी उदबत्तीचं टोक शोधण्यासारखं. काचेच्या छायापट्ट्यांच्या काळात यावर एक छान हातचा उपाय होता: ग्रह जिथे उमटणार तिथेच काळपट गाळणीचा बारका तुकडा बसवायचा. ग्रह मंद होतो, चंद्र तसेच राहतात आणि दोन्ही एकाच पट्टीवर मोजता येतात.

आजचा एक उपाय मला त्याहूनही आवडतो. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून या साऱ्यांच्या वातावरणात मिथेन वायू आहे आणि तो अवरक्त प्रकाशातल्या ठरावीक पट्ट्या गिळून टाकतो. त्यातली एक ८८९ नॅनोमीटरच्या आसपास आहे. तेवढाच प्रकाश आत सोडणारी गाळणी दुर्बिणीवर लावली, की झगझगीत ग्रह एकदम काळवंडतो. त्याच्या चंद्रांवर मात्र मिथेनची अशी दाट हवा नाही, तेव्हा ते पूर्वीसारखेच चमकत राहतात. शनीचा टायटन हा अपवाद, कारण त्याला स्वतःचं मिथेनचं दाट वातावरण आहे. ग्रहाच्याच हवेने ग्रहाचा दिवा मंद करून घ्यायचा, ही कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली असेल त्याला त्या रात्री झोप लागली नसेल.

एवढं करूनही बारीकसारीक चोर शिल्लक राहतात. क्षितिजाजवळची हवा प्रकाश वाकवते, आणि निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाकवते. म्हणून निळसर तारा आणि पिवळट आयो एकाच चित्रात असले तरी दोघं सारखे सरकत नाहीत. शिवाय चंद्राचा प्रकाशमध्य म्हणजे त्याचा खरा मध्य नव्हे. ऊन एका बाजूने पडतं, पृष्ठभागावर काळे-गोरे डाग असतात, त्यामुळे प्रकाशाचा तोल थोडा कलतो. हे सगळं हिशोबात धरलं, तरी जमिनीवरून काढलेल्या एका बऱ्या चित्रातून विकलेच्या विसाव्या-तिसाव्या भागापलीकडे जाणं अवघड पडतं. गुरूपाशी तो शंभर-दीडशे किलोमीटरांचा घोळ झाला.

इथून पुढे मात्र एक वळण आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा जीव त्यात आहे. कोन मोजणं कठीण. वेळ मोजणं सोपं. आयो आपल्या कक्षेत सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावतो. म्हणजे तो एखाद्या ठाऊक रेषेपाशी कोणत्या सेकंदाला पोचला एवढं कळलं, तर त्याची जागा १७ किलोमीटरपर्यंत कळली! सेकंद मोजायला तर हल्ली खिशातलं साधनही पुरतं. चंद्र कुठे आहे असं विचारण्याऐवजी तो अमुक ठिकाणी केव्हा आला असं विचारायचं.

ही युक्ती जुनी आहे. ७ जानेवारी १६१० च्या रात्री पदुआमध्ये गॅलिलिओने गुरूशेजारी तीन ठिपके पाहिले आणि आठवडाभरात चौथा. ते गुरूपासून किती दूर दिसतात हे तो गुरूच्या व्यासाच्या मापात लिहून ठेवायचा. (या नोंदींचा एक हकनाक राहून गेलेला शोध: २८ डिसेंबर १६१२ ला आणि पुढच्या महिन्यात त्याने गुरूजवळ एक ‘तारा’ टिपला. तो हलल्यासारखा वाटतो असंही त्याने लिहिलं. तो नेपच्यून होता. अधिकृत शोध लागला २३३ वर्षांनी, १८४६ मध्ये, आणि गॅलिलिओच्या नोंदीतला तो ठिपका चार्ल्स कोवाल आणि स्टिलमन ड्रेक यांनी ओळखला १९८० मध्ये. चंद्रांची मोजणी नीट लिहून ठेवली की त्यातून काय काय निघतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.)

गॅलिलिओला लवकरच उमगलं, की अंतरं मोजण्यापेक्षा ग्रहणं टिपणं जास्त कामाचं आहे. आयो दर पावणेदोन दिवसांनी गुरूच्या सावलीत शिरतो आणि दिसेनासा होतो. ती घटना जगात कुठूनही एकाच क्षणी दिसते. दोन शहरांतल्या लोकांनी ती आपापल्या स्थानिक वेळेत टिपली, तर वेळेतला फरक म्हणजे दोन शहरांच्या रेखांशातला फरक: चार मिनिटांना एक अंश. आकाशात टांगलेलं हे फुकटचं घड्याळ. हलत्या जहाजावरून ते वाचता आलं नाही, पण जमिनीवर त्याने नकाशे बदलले. खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने १६६८ मध्ये या चंद्रांची वेळापत्रकं प्रसिद्ध केली आणि त्यांच्या आधारे फ्रान्सचा नकाशा नव्याने आखला गेला. आपल्याकडे मद्रासच्या वेधशाळेत जॉन गोल्डिंगहॅम यांनी गुरूच्या चंद्रांची ग्रहणं टिपून त्या शहराचा रेखांश काढला, आणि भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने मद्रासचाच रेखांश आधाराला धरला.

मग पॅरिसमध्ये ओल रोमर या डॅनिश तरुणाच्या लक्षात आलं, की आयोची ग्रहणं वेळापत्रक पाळत नाहीत. पृथ्वी गुरूपासून दूर जात असली की उशिरा होतात, जवळ येत असली की लवकर. नोव्हेंबर १६७६ मधली घटना दहा मिनिटं उशिरा दिसेल असं त्याने आधी सांगितलं होतं. आयो नियमितच फिरतो, त्याच्याकडचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो, हे त्याचं कारण. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असा त्याचा अंदाज होता. खरा आकडा १६ मिनिटं ३८ सेकंदांच्या आसपास आहे. आकडा चुकला, पण प्रकाशाला वेग आहे हे माणसाला पहिल्यांदा एका चंद्राच्या उशिरा येण्यावरून कळलं. आजही प्रत्येक मोजणीत ही दुरुस्ती करावीच लागते. गुरू जवळ असतानाही आपण पाहतो तो आयो ३५ मिनिटांपूर्वीचा असतो, आणि तेवढ्यात खरा आयो ३६,००० किलोमीटर पुढे निघून गेलेला असतो.

गुरूच्या सावलीतल्या या ग्रहणांची अडचण मात्र निराळी आहे. आयो बिंदू नाही, गोळा आहे. सावलीची कड ओलांडून पूर्ण आत जायला त्याला साडेतीन मिनिटं लागतात, आणि ती कडही धारदार नसते, कारण गुरूच्या वातावरणातून वाकून आलेला प्रकाश तिला भुरकट करतो. ‘आत्ता गेला’ असं कोणत्या क्षणी म्हणायचं? एकाच ग्रहणाला दोन निरीक्षकांच्या वेळेत कितीतरी सेकंदांचा फरक पडायचा. एक सेकंद म्हणजे १७ किलोमीटर, हे विसरू नका.

म्हणून धारदार कड हवी. ती चंद्रांकडेच आहे. गुरूचे चार मोठे चंद्र जवळजवळ एकाच पातळीत फिरतात, एकाच ताटात ठेवलेल्या गोट्यांसारखे. एरवी हे ताट आपल्याला किंचित तिरकं दिसतं आणि चंद्र एकमेकांच्या वरून-खालून निघून जातात. पण गुरूच्या वर्षात दोनदा, म्हणजे आपल्या साधारण सहा वर्षांतून एकदा, ताट आपल्या नजरेच्या रेषेत येतं. तेव्हा एक चंद्र दुसऱ्याला झाकतो. याला पिधान म्हणायचं. सूर्य त्या पातळीत आला की एका चंद्राची सावली दुसऱ्यावर पडते, ते त्यांच्यातलं ग्रहण. हंगाम काही महिने चालतो आणि त्यात अशा घटना शेकड्याने होतात. शनीच्या चंद्रांसाठी असा हंगाम पंधरा वर्षांतून येतो, युरेनससाठी ४२ वर्षांतून. युरेनसचा मागचा हंगाम २००७ चा होता. तो हुकला त्या खगोलशास्त्रज्ञाला बहुधा पुढचा मिळत नाही.

मोजायचं काय? फक्त उजेड. आयो आणि युरोपा जवळ आले की दुर्बिणीत त्यांचा एकच ठिपका दिसतो. दोघांचा मिळून प्रकाश दर सेकंदाला टिपत राहायचं. एक दुसऱ्याला झाकायला लागला की आलेख खाली येतो, काही मिनिटं तिथे रेंगाळतो आणि पुन्हा वर जातो. तो खड्डा सगळं सांगतो. त्याच्या तळाची वेळ सांगते की दोघांचे मध्य एकमेकांच्या सर्वांत जवळ केव्हा आले. खोली सांगते की एकाने दुसऱ्याचा किती भाग झाकला, म्हणजे तो मधोमध गेला की कडेवरून. रुंदीवरून त्यांचा परस्परवेग पडताळून पाहता येतो. ठिपका एक विकला पसरो की तीन, काही बिघडत नाही, कारण आपण ठिपक्याचा आकार बघतच नाही, त्यातला एकूण उजेड बघतो. हवेने प्रकाश विखुरला तरी तो नाहीसा होत नाही. मध्येच विरळ ढग आला तर? त्याच चित्रातल्या तिसऱ्या चंद्राशी तुलना करायची. ढग सगळ्यांना सारखाच मंद करतो.

या चंद्रांना दाट हवाही नाही, तेव्हा कडा धारदार. म्हणूनच जमिनीवरच्या साध्या दुर्बिणीतून अशा घटनांची वेळ सेकंदापर्यंत काढली, की स्थान काही दहा किलोमीटरांपर्यंत, म्हणजे विकलेच्या शंभराव्या भागापर्यंत आणि कधी त्याच्याही आत मिळतं. १९७३ च्या हंगामापासून या घटना शास्त्रीय पद्धतीने टिपल्या जात आहेत आणि पॅरिसची आयएमसीसीई ही ग्रह-चंद्रांच्या गतींचं गणित मांडणारी संस्था जगभरच्या निरीक्षकांच्या मोहिमा एकत्र बांधते. तमिळनाडूतल्या कावलूरच्या वैणू बाप्पू वेधशाळेतून भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या आर. वसुंधरा यांनी १९९१ च्या हंगामातले वेध घेऊन त्यांचं विश्लेषण केलं. त्यातला कळीचा मुद्दा पुन्हा तोच, डागांचा. आयोचा चेहरा सगळीकडे सारखा उजळ नाही. झाकला गेलेला भाग नेमका काळपट डागाचा असेल, तर खड्डा उथळ येईल आणि आपण समजू की चंद्र कडेवरून गेला. म्हणून हिशोबात चंद्राच्या पृष्ठभागाचा उजेडनकाशा घालावा लागतो, आणि तसे नकाशे मिळाले यानांनी काढलेल्या छायाचित्रांमुळे.

चंद्राऐवजी ताराच झाकला गेला तर आणखी मजा. तारा म्हणजे खरोखरचा बिंदू, आणि त्याची जागा यादीत विकलेच्या हजाराव्या भागाच्याही आत माहीत. ७ जून १९७२ ला गॅनिमीडने एका ताऱ्याला झाकलं, ते कावलूरहून आणि इंडोनेशियातल्या लेम्बांगहून टिपलं गेलं. त्यातून गॅनिमीडचा जो व्यास निघाला, तो आजच्या ५,२६८ किलोमीटरच्या अगदी जवळ होता. तारा एकदम न विझता हलके विझल्यासारखा वाटला, म्हणून गॅनिमीडला वातावरण असल्याचं जाहीर झालं. १९७९ मध्ये व्हॉयेजर यान जवळून पाहून गेलं तेव्हा ते इतकं विरळ निघालं की तो पहिला निष्कर्ष टिकला नाही. व्यास मात्र टिकला. ५ ऑक्टोबर २०१७ ला नेपच्यूनच्या ट्रायटनने एक तारा झाकला. त्या वेळी गायाची नवी यादी प्रसिद्ध झाली नव्हती, तरी या एका घटनेसाठी त्या ताऱ्याची जागा आधीच देण्यात आली आणि सावली युरोप-अमेरिकेतून नेमकी कुठून जाणार ते सांगता आलं. सावलीच्या अगदी मध्यरेषेजवळ उभ्या असलेल्यांना ट्रायटनच्या हवेने वाकवून एकवटलेल्या ताऱ्याच्या उजेडाची झळाळीही दिसली.

आता ‘कशासाठी’.

आयो हा सूर्यमालेतला ज्वालामुखींनी सर्वांत धगधगता गोळा. त्याच्यावर शेकडो जिवंत ज्वालामुखी आहेत आणि तो साधारण १०० लाख कोटी वॉट उष्णता सतत बाहेर टाकतो. ही येते कुठून? आयो, युरोपा, गॅनिमीड यांच्या फेऱ्यांची लय चार, दोन, एक अशी जुळलेली आहे: गॅनिमीडच्या एका फेरीत युरोपाच्या दोन, आयोच्या चार. या सततच्या ओढाताणीमुळे आयोची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही. तो गुरूच्या कधी जवळ, कधी दूर जातो आणि गुरूच्या ओढीने पीठ मळल्यासारखा मळला जातो. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स यांनी मार्च १९७९ मध्ये हे गणित प्रसिद्ध केलं आणि अवघ्या काही दिवसांत व्हॉयेजर १ च्या चित्रात लिंडा मोराबितो यांना आयोवरून उसळलेला ज्वालामुखीचा फवारा दिसला. तो दिसला कसा, हेही इथलंच आहे. त्या यानाच्या दिशेसाठी आयो आणि त्याच्यामागच्या ताऱ्यांची जागा तपासत होत्या.

पण उष्णता फुकट येत नाही. ती आयोच्या कक्षेतल्या ऊर्जेतून जाते. उलट बाजूने गुरूवर आयोमुळे उठणारी भरती आयोला पुढे ढकलून ऊर्जा देते, आपल्या चंद्राला पृथ्वी देते तशी. मग आयोच्या खात्यात जमा जास्त की खर्च? ज्वालामुखी बघून हे कळणार नाही. हे फक्त एकाच गोष्टीतून कळेल: आयो आपल्या वेळापत्रकाच्या पुढे जातोय की मागे पडतोय. खर्च जास्त असेल तर कक्षा आक्रसेल, फेरी लवकर पूर्ण होईल आणि आयो हळूहळू पुढे सरकेल. हा फरक शे-सव्वाशे वर्षांत काही दहा किलोमीटरांचा. एखाद्या वर्षाच्या वेधांतून तो दिसणं अशक्य, मग यान कितीही चांगलं असो. इथे दुर्बिणीच्या आकारापेक्षा नोंदवहीची जाडी महत्त्वाची ठरते.

व्हॅलेरी लेने आणि सहकाऱ्यांनी १८९१ ते २००७ पर्यंतचे वेध एकत्र गुंफून २००९ मध्ये उत्तर दिलं. आयो आतल्या बाजूला सरकतोय, युरोपा आणि गॅनिमीड बाहेर. आयोच्या पोटात किती ऊर्जा जिरते हेही त्यातून निघालं, आणि ती अवरक्त दुर्बिणींनी मोजलेल्या उष्णतेशी जुळली. म्हणजे आज आयोच्या पोटात जेवढी उष्णता तयार होते तेवढीच तो बाहेर टाकतो, जुनी साठवण उधळत नाही. एका दगडी गोळ्याच्या पोटातला जमाखर्च ठिपक्यांच्या जागांवरून मांडला गेला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचलं.

त्यात एक खाचखळगा असा, की ज्या घड्याळाने हे मोजलं ते पृथ्वीचं होतं. पृथ्वीचं फिरणं एकसारखं नाही. १९०० ते २००७ या काळात पृथ्वीच्या फिरण्यावर बांधलेली वेळ एकसमान वेळेच्या तुलनेत सुमारे ६८ सेकंदांनी मागे पडली. ६८ सेकंदांत आयो जवळजवळ १,२०० किलोमीटर जातो. आपण शोधतोय त्याच्या वीसपट! ही दुरुस्ती विसरली तर पृथ्वीचं रेंगाळणं आयोच्या नावावर चढेल. सुदैवाने आपल्या चंद्राने झाकलेल्या ताऱ्यांच्या जुन्या नोंदींवरून पृथ्वीच्या घड्याळाचा हिशोब बऱ्यापैकी लागतो.

चुकीचा आकडा कुठे नेतो ते मंगळाच्या फोबॉसने दाखवलं आहे. १८७७ च्या ऑगस्टमध्ये असाफ हॉल यांनी वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतल्या २६ इंची दुर्बिणीतून मंगळाचे दोन्ही चंद्र शोधले. १९४५ मध्ये बेव्हन शार्पलेस यांनी जुने वेध तपासून सांगितलं, की फोबॉसची गती वाढते आहे, म्हणजे तो मंगळाकडे उतरतोय. त्या आकड्यांवरून उतरण्याचा वेग वर्षाला पाच सेंटीमीटर धरला गेला. एवढा का, हे समजेना, तेव्हा मंगळाच्या विरळ हवेचा अडथळा कारण असेल आणि त्यासाठी फोबॉस आतून पोकळ असला पाहिजे, असं सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ शक्लॉवस्की यांनी सुचवलं. पोकळ म्हणजे कुणीतरी बनवलेला, इथपर्यंत गोष्ट गेली. नंतर चांगले वेध मिळाले आणि आकडा १.८ सेंटीमीटरवर आला, त्याला मंगळावरची साधी भरतीची ओढ पुरते. फोबॉस उतरतोय हे खरंच आहे. काही कोटी वर्षांत तो फुटेल किंवा कोसळेल.

त्याच २६ इंची दुर्बिणीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगळाच्या आणि गुरूच्या चंद्रांच्या ढिगाने छायापट्ट्या घेतल्या. आधी सांगितलेला काळपट गाळणीचा तुकडा तिथेही वापरात होता. या काचा पुढे ब्रुसेल्सच्या रॉयल वेधशाळेतल्या यंत्रावर पुन्हा मोजल्या गेल्या. अशा जुन्या काचा नव्याने मोजण्याचं काम पॅरिसजवळ म्यूदाँ इथेही चालतं. यामागची कल्पना फार सुंदर आहे. गाया फक्त ताऱ्यांच्या जागा देत नाही, ते कोणत्या दिशेला किती सरकतात तेही देते. मग उलटं चालत जाऊन १९७० मध्ये, १९२० मध्ये तो तारा कुठे होता हे सांगता येतं. मैलाचे दगड मागच्या काळात नेऊन नीट रोवता येतात आणि ज्या रात्री पट्टी घेतली त्या रात्रीची मोजणी आज, इतक्या वर्षांनी, जास्त अचूक होते. अट एवढीच, की काच फुटलेली नसावी आणि पाकिटावर तारीख-वेळ नीट लिहिलेली असावी.

बाहेरच्या कक्षांतले बारके चंद्र ही वेगळीच कहाणी. तिथे दहा किलोमीटरांची भाषा नाही, तिथे चंद्र हरवू नये एवढीच धडपड असते. गुरूचा थेमिस्टो १९७५ मध्ये सापडला, पुरेसे वेध झाले नाहीत आणि तो हरवला. २००० मध्ये पुन्हा हाती लागला. मार्च २०२५ मध्ये शनीचे १२८ नवे चंद्र एकदम जाहीर झाले आणि त्याची संख्या २७४ वर गेली. त्यातल्या प्रत्येकाला वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा पाहत राहावं लागणार, नाहीतर तोही थेमिस्टोच्या वाटेने जाईल.

गुरूच्या चंद्रांचं ताट २०२६-२७ मध्ये पुन्हा आपल्या नजरेच्या रेषेत येतंय. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू सूर्याच्या बरोबर समोर असेल, रात्रभर आकाशात, आपल्याकडून चांगला उंच. या मोहिमांत हौशी निरीक्षकांचे वेधही धरले जातात, कारण घटना अमुकच वेळी होते आणि त्या वेळी जिथे रात्र आणि निरभ्र आकाश आहे तिथलाच माणूस ती टिपू शकतो. सहा-आठ इंची दुर्बीण आणि साधा खगोल कॅमेरा पुरतो. घटनेच्या दहा मिनिटं आधी सुरू करायचं आणि दहा मिनिटं नंतरपर्यंत थांबायचं. चंद्राचा ठिपका जळून पांढरा होऊ द्यायचा नाही. चित्रात तिसरा एखादा चंद्र असू द्यायचा. चित्रं सुंदर करण्याच्या फंदात न पडता जशी आली तशी ठेवायची. आणि घड्याळ जीपीएसला जुळवून घ्यायचं, लॅपटॉपच्या वेळेवर विसंबायचं नाही, कारण ती नकळत दोन सेकंद चुकलेली असली तर आयो ३५ किलोमीटर भलतीकडे लिहिला जाईल आणि पन्नास वर्षांनी ती नोंद उघडणाऱ्याला ते कधीच कळणार नाही.